दम लागलाय की दमा उठलाय?

लालबागच्या आमच्या दहा बाय दहाच्या खोलीत माझा भाचा टीव्हीसमोर नाचत होता. वय १३, दमा लहानपणापासून. पडद्यावरचा माणूस नाचेल तसे हातपाय हलवायचे, जमेल तसे गुण मिळतात, असा तो खेळ. तिसरं गाणं संपल्यावर तो गुडघ्यांवर हात टेकून धापा टाकायला लागला. ताई लाटणं टाकून पंप शोधायला धावली. "अगं आई, थांब, मला नुसता दम लागलाय!" पूर्ण वाक्य तो एका दमात बोलला. ते ऐकूनच माझा जीव भांड्यात पडला.

दम लागणं म्हणजे स्नायूंना जास्त ऑक्सिजन हवा असतो म्हणून श्वास वाढणं. मूल थांबलं की पाच-सात मिनिटांत श्वास खाली येतो. छातीत आवाज नसतो, श्वास सहज बाहेर पडतो. हे सुदृढ मुलालाही होतं, आणि व्हायलाच हवं.

दमा उठतो तेव्हा गोष्ट वेगळी असते. जोरात खेळताना मूल तोंडाने भराभर श्वास घेतं, त्यामुळे नाकात मिळणारी ऊब आणि ओल हवेला मिळत नाही. श्वासनलिका आतून कोरड्या पडतात, आणि आधीच सुजलेल्या असल्या तर त्यांच्या भोवतीचे स्नायू आवळतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते. म्हणून शिट्टीसारखा आवाज बहुतेक वेळा श्वास सोडताना येतो.

फसवते ती वेळ. हा त्रास बऱ्याचदा खेळ थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढतो. एका रविवारी भाचा खेळून, पाणी पिऊन निवांत बसला होता. थोड्या वेळाने कोरडा खोकला सुरू झाला, मग "मावशी... छाती... भरल्यासारखी..." असे तुटक शब्द. त्या दिवशी मात्र पंप लगेच, स्पेसर (औषध नीट आत जावं म्हणून पंपाला लावायची पोकळ नळी) लावून दिला. असा त्रास आपोआप ओसरायला अर्धा-एक तास लागू शकतो. तेवढा वेळ नुसतं बघत बसायचं नाही.

दोन्हींची गल्लत झाली की नुकसान दोन्हीकडून होतं. दमा उठलेला असताना "दमलाय, बसू दे" म्हटलं तर औषधाला उशीर होतो. उलट नुसता दम लागल्यावर घाबरून मुलाला बसवून ठेवलं (भाच्याला शाळेत पीटीच्या तासाला कितीतरी महिने बाकावरच बसवलं, त्याचा मला अजून राग आहे) तर शरीराची सवय मोडते, जिना चढतानाही धाप लागते आणि घरचे म्हणतात, दमा वाढला.

म्हणूनच मला हालचालीचे व्हिडिओ गेम आवडतात. पावसात किंवा हिवाळ्यात हवा धुरकट असताना मैदान सुटतं, पण हालचाल सुटत नाही. गाणं तीन-चार मिनिटांचं, मध्ये थांबा. असा तुकड्या-तुकड्यांचा व्यायाम सलग धावण्यापेक्षा नळ्यांना सोसतो. सुरुवातीला दहा मिनिटं हळू हालचाल करायची. पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात बाहेर पडतो ते मोजणारं, फुंकायचं छोटं यंत्र) असेल तर खेळण्याआधी तीनदा फुंकून मोठा आकडा वहीत लिहायचा, आणि खेळून झाल्यावर ५, १० आणि १५ मिनिटांनी पुन्हा. आकडा १५ टक्क्यांहून जास्त घसरत असेल तर ती वही डॉक्टरांना दाखवायची.

खोलीकडेही बघा. ओल धरलेली भिंत, उदबत्ती, डासांची कॉइल, फोडणीचा ठसका, यात खेळण्यात काही अर्थ नाही.

खेळ म्हणजे औषध नव्हे. त्रास झाल्यावर घ्यायच्या नुसत्या आरामाच्या पंपावर १२ वर्षांच्या आणि त्यापुढच्या मुलांना ठेवू नये, सूज कमी करणारं स्टेरॉइड श्वासातून मिळायलाच हवं, असं 'जिना' (GINA) ही दम्याच्या उपचारांच्या मार्गदर्शक सूचना देणारी जागतिक संस्था २०१९ पासून सांगते. स्टेरॉइडचा पंप रोज घ्यायचा की कसा, खेळण्याआधी काही घ्यायचं का, हे डॉक्टरांकडून लिहूनच घ्या.

आणि आरामाचा पंप देऊनही बरं वाटत नाही, बोलता येत नाही, फासळ्यांमधली कातडी आत ओढली जातेय किंवा ओठ निळसर दिसतायत, तर वाट न बघता १०८ लावा. गाडी येईपर्यंत मुलाला बसतं ठेवा, आडवं करू नका, आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आरामाचा पंप देत राहा.