बालकलाकार ते हिरो-हिरोईन: मधली वर्षं कुणाला मिळाली?

बालकलाकार मोठा झाल्यावर टिकला की नाही यावर बोलताना आपण सगळा भार त्या मुलावरच टाकतो, चेहरा बदलला, गोडवा गेला, लोक विसरले वगैरे. पण आपल्या सिनेमाचा इतिहास बघा, मुलगा आणि मुलगी यांची वाट पहिल्यापासून वेगळी आहे. मुलग्यांना थांबावं लागलं आणि मुलींना कुणी थांबूच दिलं नाही.

मधुबाला 1942 च्या 'बसंत'मधे बेबी मुमताज या नावाने बालकलाकार होती, वय 9. आणि 1947 ला 'नील कमल'मधे थेट राज कपूरची हिरोईन, म्हणजे जेमतेम 14 ची! मीना कुमारीचंही तेच, 1939 ला बालकलाकार आणि 1946 ला 'बच्चों का खेल'मधे हिरोईन. दोघींच्या कमाईवर घर चालायचं, त्यामुळे आता चार वर्षं शाळेत जा असं त्यांना कोण म्हणणार होतं?

श्रीदेवीचं उदाहरण तर मला कधीच पचलेलं नाही. चौथ्या वर्षी तमिळ सिनेमात आली, आणि 1976 ला दिग्दर्शक के. बालचंदर यांच्या 'मूंद्रु मुडिचु'मधे मेन रोल, तेव्हा ती 13 वर्षांची, आणि कथेत ती पुढे रजनीकांतची सावत्र आई होते, जो प्रत्यक्षात तिच्यापेक्षा जवळपास 13 वर्षांनी मोठा. काम अप्रतिम केलंय यात वादच नाही, पण सातवी-आठवीतल्या पोरीला साडी नेसवून लग्न झालेली बाई म्हणून उभं केलं आणि ते कुणालाच खटकलं नाही.

त्याच सिनेमात कमल हासन पण आहे. तो 1960 ला 'कळत्तूर कण्णम्मा'मधे आला, राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, आणखी थोडे सिनेमे केले आणि मग आवाज फुटायच्या वयात पडद्यावरून जवळपास गायबच झाला. त्या वर्षांत तो नाटक कंपनीत होता, नाच शिकला, थंगप्पन मास्टरांचा असिस्टंट म्हणून डान्स बसवले, आणि 1975 ला 'अपूर्व रागंगळ'मधे हिरो म्हणून गाजला तेव्हा विशीत होता आणि हाताशी हे सगळं शिक्षण होतं. आपला सचिन पिळगांवकर 'हा माझा मार्ग एकला'मधून आला, मग हिंदीत छोटे रोल करत राहिला, आणि 'गीत गाता चल'मधे हिरो झाला 1975 ला.

याचं कारण इंडस्ट्रीच्या हिशोबात आहे. हिरोला दाढी-मिशी आणि जड आवाज लागतो, तो यायची वाट बघावीच लागते. हिरोईन मात्र जितकी लहान तितकी चालते, शिवाय ओळखीचा चेहरा आयता मिळतो. 'मासूम'मधली (1983) उर्मिला मातोंडकरही 'रंगीला'च्या (1995) आधीच हिरोईन झाली होती, पण 'रंगीला'पर्यंत 12 वर्षं गेली होती, त्यामुळे ती तिथे खरोखरची मोठी दिसते.

कायदा फार उशिरा आला. 2017 च्या नियमांनुसार बालकलाकाराला दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, सलग 3 तासांच्या वर नाही, आणि कमाईतले किमान 20 टक्के त्याच्या नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत एफडीत ठेवावे लागतात. चांगलेच नियम आहेत, पण ते 14 वर्षं पूर्ण होईपर्यंतच लागू होतात, आणि मोठ्यांच्या रोलसाठी विचारणा सुरू होते ती नेमकी त्याच सुमारास.