अंतराळस्थानकात गुरुत्वाकर्षण नसतं?

अंतराळवीर तरंगताना दिसले की ‘तिथे गुरुत्वाकर्षण नसतं’ हे वाक्य ठरलेलंच. शाळेपासून ऐकत आलोय, पण ते चुकीचं आहे.

आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक जमिनीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर फिरतं. तिथलं गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या सुमारे ८९ टक्के असतं. ते नसतं, तर स्थानक सरळ रेषेत निघूनच गेलं असतं! मग माणसं तरंगतात कशी? कारण स्थानक सतत पडत असतं. एका सेकंदात ते साडेसात किलोमीटरहून जास्त पुढे सरकतं आणि चार मीटरांहून थोडं जास्त खाली पडतं. पण तेवढ्या अंतरात पृथ्वीचा पृष्ठभागही तितकाच खाली वळलेला असतो. म्हणून ते जमिनीला टेकत नाही. आतला माणूस, त्याचा चमचा, हवेत थरथरणारा पाण्याचा गोळा, सगळं एकाच वेगाने पडतं. कुणीच कुणावर टेकत नाही, म्हणून वजन जाणवत नाही.

शरीरावर मात्र याचा परिणाम खराच होतो. भार न पडल्याने हाडं झिजतात, स्नायू बारीक होतात. म्हणूनच तिथे रोज दोनेक तास व्यायाम करावा लागतो, धावतानाही पट्ट्यांनी स्वतःला ट्रेडमिलकडे ओढून धरून. रशियन अंतराळवीर वालेरी पोल्याकोव्ह १९९४-९५ मध्ये ‘मीर’ या रशियन अंतराळस्थानकावर सलग ४३७ दिवस राहिले, तेही असेच पडत पडत.