तंटा गावातच मिटवणे (सातारा–सांगली)

तंटा गावातच मिटवणे : भांडण कोर्टकचेरीत जाण्याआधी, किंवा गेले असल्यास तिथून मागे घेऊन, दोन्ही बाजूंना गावासमोर बसवून तडजोडीने संपवण्याची रीत. कृष्णा, कोयना, वारणा आणि येरळा यांच्या खोऱ्यांत ती शिवकाळाच्याही आधीपासून चालत आली आहे. आजच्या सांगली जिल्ह्यातील वाळवा, तासगाव, खानापूर हा भाग १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यातच होता. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. म्हणून या रीतीचा विचार दोन्ही जिल्हे मिळूनच करावा लागतो.

तंटे बहुतेक जमिनीचे असतात. त्यातही दोन प्रकार घरोघरी माहीत आहेत. पहिला बांध कोरण्याचा. दरसाल पेरणीआधी नांगराचे एक तास, म्हणजे एक ओळ, शेजाऱ्याच्या बाजूने सरकवायचे, की काही वर्षांत हातभर जमीन इकडची तिकडे होते आणि बांध नुसता नावाला उरतो. दुसरा वाटेचा. उसाला तोड मिळाली, फड पडला, ट्रॅक्टर-ट्रॉली दारात उभी राहिली आणि वरच्या शेतकऱ्याने वाट अडवली, तर तोडलेला ऊस उन्हात वाळतो आणि त्याचे वजन घटते. अशा अडवलेल्या वाटेसाठी आजही १९०६ चा मामलेदार कोर्ट कायदा लागतो आणि तहसीलदारापुढे दावा चालतो. पण तारीख पडेपर्यंत ऊस थांबत नाही. त्या रात्रीच ग्रामदैवताच्या सभामंडपात चार माणसे बसतात ती यामुळे.

कित्येकदा हे शेजारी सख्खे भाऊच असतात, आणि पुढे हा तंटा त्या दोघांपुरता राहत नाही. एक भाऊ ग्रामपंचायतीला एका पॅनेलमध्ये गेला की दुसरा आपोआप समोरच्यात जातो. मग सोसायटी, दूध डेअरी, कारखान्याची निवडणूक, गणपतीचे मंडळ, सगळीकडे तीच रेघ ओढली जाते. एका गावात दोन डेअऱ्या आणि दूध घालणाऱ्यांच्या दोन रांगा, असे दृश्य या भागात नवे नाही. पक्षांची नावे वरून येतात, पण गटाचे मूळ कित्येकदा एखाद्या बांधात सापडते.

मराठेशाहीत हे काम गोतसभा करी. पाटील, कुलकर्णी, मिरासदार (वंशपरंपरेने जमीन कसणारे मालक) आणि बलुतेदार मिळून गोत होई. तंटा परगण्याचा असला तर देशमुख-देशपांडेही मजालशीत, म्हणजे न्यायसभेत, बसत. सुनावणीआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेतला जाई. त्याचा अर्थ, गोत जे ठरवील ते आम्हांला राजी आहे, अशी लेखी कबुली. आज आपण हा शब्द पद सोडण्यापुरता वापरतो आणि त्यातली राजी असण्याची गोष्ट विसरून गेलो आहोत. निकालाच्या महजरावर, म्हणजे निकालपत्रावर, बसलेल्यांची निशाणी पडे. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा अशी ज्याच्या त्याच्या कामाची खूण. हरलेला यजितखत लिहून देई, म्हणजे आपले म्हणणे खोटे ठरले असे स्वतःच्या नावाने मान्य करी. जिंकणारा सरकारात हरकी, म्हणजे जिंकल्याची रक्कम, भरी आणि हरणारा गुन्हेगारी, म्हणजे दंड. या व्यवस्थेत मला सर्वांत मोलाचे वाटते ते यजितखत. निकाल वरून लादलेला राहत नसे. हरलेल्याच्या तोंडून तो गावासमोर वदवला जाई आणि त्यानंतर त्याला त्याच गावात, त्याच पारावर बसायचे असे.

१८१८ नंतर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पंचायती टिकवण्याचा प्रयत्न केला. पण नियमित न्यायालये आली, वकील आले आणि गोताचा निकाल हळूहळू नुसत्या सल्ल्यावर आला.

विसाव्या शतकात या जुन्या कल्पनेला औंध संस्थानात राज्यघटनेचे रूप मिळाले. संस्थान लहान होते, ७२ गावांचे. तीही सलग नव्हती, आटपाडी, कुंडल, औंध अशी ब्रिटिश मुलखात विखुरलेली होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी २१ जानेवारी १९३९ रोजी स्वराज्याची घटना लागू केली आणि आपला अधिकार लोकांनी निवडलेल्या मंडळींकडे सोपवला. तिच्यामागे महात्मा गांधींचा सल्ला होता. युवराज अप्पासाहेब पंत आणि पोलंडहून आलेले मॉरिस फ्रिडमन यांनी त्यासाठी कष्ट घेतले होते. गाव हा कारभाराचा पाया मानला गेला आणि गावपंचायतीकडे कारभाराबरोबर न्यायदानाचे कामही आले. सत्तेवर असलेल्याने आपण होऊन सत्ता खाली दिल्याची उदाहरणे आपल्याकडे थोडी आहेत. त्यांत या छोट्या संस्थानाचे नाव पुढे घ्यायला हवे. १९४८ मध्ये संस्थाने विलीन झाली आणि तो प्रयोग तिथेच थांबला.

तोवर शेजारी दुसरा प्रयोग होऊन गेला होता. १९४२ च्या सप्टेंबरात तासगाव, वडूज, इस्लामपूर इथल्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले. वडूज आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे पडली. त्यानंतर भूमिगत झालेल्या कार्यकर्त्यांनी १९४३ पासून साताऱ्यात प्रतिसरकार, म्हणजे ब्रिटिशांना समांतर असे लोकांचे सरकार, चालवले. येडेमच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील त्याचे नेते होते. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर अशी फळी त्यांच्याबरोबर होती. रेल्वेतील पगाराची रक्कम लुटली, तारा तोडल्या, हे सर्वांना ठाऊक असते. पण लोकांना ते आपले सरकार वाटले ते न्यायदान मंडळांमुळे. बांधाचे तंटे, सावकाराकडे अडकलेली जमीन, टाकून दिलेली बायको, दारू, दरोडेखोर, सगळे या मंडळांपुढे येई. हुंडा आणि वाजंत्रीशिवाय गांधी विवाह लावले जात. खबऱ्यांना आणि गुंडांना पायांवर काठ्या बसत, हेही खरे आहे आणि ते झाकण्याचे कारण नाही. अपील नसलेल्या न्यायाची ती कठोर बाजू होती. तरीही खटल्यासाठी तालुक्याला खेटे घालणाऱ्या माणसाला सरकार कशासाठी असते, हे त्या तीन वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या चावडीत दिसले.

स्वातंत्र्यानंतर हेच सोबती वेगवेगळ्या पक्षांत गेले. नाना पाटील शेतकरी कामगार पक्षातून पुढे कम्युनिस्ट पक्षात आले. किसन वीर आणि त्याच चळवळीतून आलेले यशवंतराव चव्हाण काँग्रेसमध्ये राहिले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर जिल्हा दुभंगला. नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर निवडून गेले आणि यशवंतराव कराडमधून निसटत्या मतांनी विधानसभेवर. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला पंतप्रधान नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. वाई आणि पसरणी घाटाच्या वाटेवर संयुक्त महाराष्ट्र समितीचे हजारो लोक काळी निशाणे घेऊन उभे राहिले. द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतरावच होते. पाहुण्यांची वाट अडली नाही आणि निदर्शकांची तोंडेही बंद केली गेली नाहीत. दिवस शांततेत पार पडला, आणि मराठी माणसाचे मन दिल्लीला प्रत्यक्ष पाहता आले. अडीच वर्षांनी, १ मे १९६० ला, महाराष्ट्र राज्य झाले. गावच्या सभामंडपात दोन्ही बाजूंना एकाच जाजमावर बसवतात, तेच त्या दिवशी घाटाच्या रस्त्यावर घडले, असे म्हणायला जागा आहे.

सरकारी पातळीवर या रीतीला पुन्हा हात दिला तो तासगाव तालुक्यातील अंजनीच्या आर. आर. आबा पाटील यांनी. गृहमंत्री असताना त्यांनी १५ ऑगस्ट २००७ रोजी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. ग्रामसभेने समिती नेमायची, गावातील दिवाणी, महसुली आणि तडजोड होण्यासारख्या फौजदारी तंट्यांची नोंद करायची आणि एकेक मिटवत जायचे, अशी तिची पद्धत. चांगले काम करणाऱ्या गावांना बक्षीस मिळे. ‘एक गाव एक गणपती’ला याच मोहिमेत बळ आले. काही गावांत समितीचे अध्यक्षपद म्हणजे सरपंचकी हुकलेल्याची सोय झाली, आणि तिथे मोहीम फलकावरच राहिली. जिथे दोन्ही गटांनी मिळून एखादा वडीलधारा, कुणाच्याच पॅनेलमध्ये नसलेला माणूस नेमला, तिथे कामे झाली.

या रीतीवरचे आक्षेप गंभीर आहेत. सभामंडपात बोलणारे बहुतेक पुरुष, तेही जमीनवाले. मारहाण सोसणाऱ्या बाईला ‘घरातलं घरात ठेव’ म्हणून परत पाठवणे म्हणजे तंटा मिटवणे नव्हे, तिचे तोंड दाबणे आहे. जातीच्या अत्याचाराचा गुन्हा तडजोडीत काढायची कायद्याने मुभा नाही, आणि नसावीच. जातपंचायतींच्या जाचामुळे महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी अखेरच्या दिवसांत हाच प्रश्न हाती घेतला होता. बिनविरोध निवडणूक हीही तंटामुक्तीची खूण समजली जाते, पण ती समजून घेऊन झाली की दडपून, हे आधी विचारावे लागते. २०२१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील उमराणे इथे सरपंचपदाचा लिलाव झाल्याचे पुढे आल्यावर राज्य निवडणूक आयोगाने ती निवडणूक रद्द केली होती.

२०२३ च्या मध्यस्थी कायद्यात गाव किंवा वस्तीची शांतता बिघडवू शकणाऱ्या तंट्यांसाठी सामुदायिक मध्यस्थीची तरतूद आहे. तीन मध्यस्थांपुढे, दोन्ही पक्षांच्या संमतीने, बैठक व्हावी असे त्यात म्हटले आहे. अशा समेटाला न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ मात्र नसते. त्यामुळे बांधाच्या तंट्यात आता बैठकीआधी भूमी अभिलेख कार्यालयाची मोजणी मागवण्याची पद्धत पडत आहे. मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीचा नकाशा, जाजमावर मध्ये पसरायची, हद्दीच्या खुणा दोघांनी मिळून पाहायच्या आणि दगड त्याच दिवशी, दोन्ही घरांतली माणसे हजर असताना रोवायचा.