रॉड थंड, मोटार गरम

जानेवारीत, गड्ड्याची जत्रा भरलेली असते त्या दिवसांत, सोलापुरातही सकाळी अंघोळीला कढत पाणी लागतं. आमच्या पूर्व भागातल्या घरी त्यासाठी १५०० वॅटचा रॉड आहे. यंदा बादली तापायला अर्धा तास लागायला लागला. आईने निकाल दिला, "रॉड गेला. नवा आण." मी म्हटलं, आधी मोजू तरी.

शेजारच्या अण्णांचे माग आहेत. त्यांचा टोंग टेस्टर मागून आणला. चिमट्यासारखा जबडा उघडायचा, वायर आत घ्यायची, की करंट दिसतो. रॉडची अख्खी केबल पकडली तर आकडा शून्य! चूक माझीच होती. केबलमध्ये जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना खोडतात. जबड्यात एकच वायर यायला हवी. तशी घेतली तेव्हा ५.२ अँपिअर दिसले. सॉकेटवर व्होल्टेज होतं १८२.

आता शाळेतला ओहमचा नियम. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रोध. १८२ ला ५.२ ने भागलं की ३५ ओहम. व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर, ती आली ९४६ वॅट. आई बरोबर होती असं वाटेल. पण याच ३५ ओहमच्या रॉडला पूर्ण २३० व्होल्ट दिले तर? करंट ६.६ अँपिअर, पॉवर जवळजवळ १५११ वॅट. रॉडवर छापलेला आकडा खरा होता, रॉडही ठणठणीत होता.

व्होल्टेज २१ टक्के कमी, पॉवर मात्र ३७ टक्के कमी, हे कसं? रोध तोच राहिला की व्होल्टेजबरोबर करंटही घटतो, आणि पॉवर या दोघांचा गुणाकार. म्हणून व्होल्टेजच्या वर्गाचा हिशेब लागतो. २० लिटर पाणी २० अंशांनी तापवायला १५०० वॅटवर साधारण १९ मिनिटं पुरतात, ९४६ वर ३० लागतात. आईचा अर्धा तास इथे सापडला.

जॉर्ज ओहमलाही हाच त्रास होता, व्होल्टेज टिकत नव्हतं. त्याच्या बॅटऱ्या प्रयोग चालू असतानाच मंदावत. मग त्याने तांबं आणि बिस्मथ जोडून एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात ठेवला. अशा जोडांच्या तापमानांतल्या फरकातून व्होल्टेज तयार होतं. फरक स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर. १८२७ साली हा नियम मांडणारं त्याचं पुस्तक आलं.

पण १८२ च का? रॉड बंद केला तर सॉकेटवर १९२ दिसायचे. म्हणजे ३८ व्होल्ट गल्लीतच कमी होते, सकाळच्या लोडमुळे. उरलेले १० मात्र रॉड लावल्यावर आमच्या वाटेत कुठेतरी खर्च होत होते. १० भागिले ५.२, म्हणजे वाटेतला रोध १.९ ओहम. आणि १० गुणिले ५.२, म्हणजे ५२ वॅट नुसते वायरीत आणि जोडांत जळत होते. २५ वॅटच्या दोन सोल्डरिंग आयर्नएवढी ऊब भिंतीत! बोर्ड हाताला कोमट लागायचा, त्याकडे कुणी लक्ष दिलं नव्हतं. मेन स्विच बंद करून उघडला तर एका टर्मिनलचा स्क्रू सैल, वायरीचं टोक काळं पडलेलं. टोक नव्याने सोलून स्क्रू आवळला. १० व्होल्टची घट ३ वर आली.

तारेतली ही गळती करंटच्या वर्गावर जाते, म्हणून लांब पल्ल्याला वीज भरमसाट व्होल्टेजवर पाठवतात. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढीच वीज निम्म्या करंटने जाते आणि गळती चौथाईवर येते. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर लाइनने दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाशी जोडलं, ती ७६५ किलोव्होल्टची आहे.

टेस्टर परत द्यायला गेलो तेव्हा अण्णा म्हणाले, "आमच्या मागाच्या मोटारीला पण लाव की." व्होल्टेज डाऊन म्हणजे मोटारीलाही करंट कमी, असं मला वाटत होतं. त्यांच्याकडे १८५ व्होल्ट होते. १ एचपीच्या मोटारीच्या पाटीवर ५.५ अँपिअर, टेस्टरवर ६.८!

रॉडला काय, मिळेल तेवढं तापवायचं. मागाला मात्र धोटा फेकायचाच असतो. मोटारीवरचं काम तेवढंच राहतं, ती किंचित मंदावते आणि कमी व्होल्टेजची भरपाई जास्त करंट ओढून करते. मोटारीत व्होल्टेज आणि करंटची लय थोडी मागेपुढे असल्याने नुसता गुणाकार खरे वॅट देत नाही. पण वायंडिंगमधली, म्हणजे मोटारीत गुंडाळलेल्या तांब्याच्या तारेतली, उष्णता करंटच्या वर्गावरच ठरते. ६.८ भागिले ५.५ चा वर्ग केला की दीडपट. त्यात तांबं तापलं की दर अंशाला त्याचा रोध सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो, उष्णता आणखी वाढते. मे महिन्यात ४३ अंशांच्या हवेत पत्र्याखाली मोटार आधीच भाजलेली असते.

अण्णांनी पाटीवरचा आकडा दोनदा वाचला, मोटारीवर तळहात ठेवून लगेच उचलला आणि पोराला हाक मारली, "बंद कर रे, जरा थांबू."