युरोपियन युनियनला व्हेटो आहे?

सीताबर्डीत तर्री-पोहे खाताना परवा पुन्हा तेच कानावर आलं: “युरोपियन युनियन म्हणजे एकच देश, अन् युनोत त्याचा व्हेटो चालते.”

नाही हो भाऊ. युनियनमधल्या देशांपैकी व्हेटो, म्हणजे सुरक्षा परिषदेत ठराव एकट्याने अडवायचा अधिकार, आहे तो फ्रान्सचा, तोही फ्रान्स म्हणून. आमसभेत युनियनला मत नाही. २०११ पासून बोलायची, प्रस्ताव मांडायची मुभा तेवढी मिळाली. मतं २७ सदस्य देश देतात, आणि ती फाटतातही. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाच्या ठरावावर फ्रान्स-स्पेन बाजूने, ऑस्ट्रिया-हंगेरी विरोधात आणि जर्मनी तटस्थ!

व्यापारात मात्र उलटं. नागपूरच्या कळमना बाजारातला व्यापारी म्हणेल, संत्र्यावरच्या शुल्काचं जर्मनीशी परस्पर बोलू, तर जर्मनीला तो अधिकारच नाही. बाहेरच्या मालावरचं शुल्क २७ देशांत एकच, बोलणी युरोपियन कमिशन करतं. फळात कीटकनाशकाचा अंश किती चालेल, हेही युनियनच ठरवते. नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात पेटी उतरली, तपासणी झाली, शुल्क भरलं, की जर्मनीतल्या म्युनिकपर्यंत पुन्हा शुल्क नाही. आणि मर्यादा ओलांडली, तर दार एका देशाचं नाही, सगळ्या २७ देशांचं बंद.