सेटलमेंटची हजेरी, हेडसेटमधून

सोलापुरात रिक्षावाल्याला नुसतं 'सेटलमेंट' म्हटलं की तो बरोबर नेऊन सोडतो, पण हे नाव आलं कुठून ते आपल्यातल्या किती जणांना माहितीये? इंग्रजांनी १८७१ ला क्रिमिनल ट्राइब्स ॲक्ट आणला, १९११ च्या नव्या कायद्यानं तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता यायला लागला, म्हणजे कैकाडी, पारधी अशा जमातीत जन्माला आलं की झालं, गुन्हेगाराचा शिक्का बसला. त्यांना इथं तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, म्हणजे 'सेटलमेंट'मध्ये ठेवलं, रोज हजेरी, परवानगीशिवाय बाहेर पाऊल नाही, आणि गिरण्यांना माणसं लागायची तिथं कामाला. जुन्या मिलच्या आठवणी आपण सगळेच काढतो, पण गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, उभी ती बाई काम संपल्यावर कुंपणात परत जायची हे कोण सांगतं?

आता ही माणसं व्हीआरमध्ये, म्हणजे डोळ्यांवर हेडसेट चढवून आत फिरता येतं अशा कॉम्प्युटरच्या आभासी जगात, पुन्हा उभी करता येतील का? जागा उभी करणं तसं सोपं झालंय. जुन्या भिंतीचे, दाराचे एकमेकांवर निम्म्याहून जास्त चढणारे शेकडो फोटो काढायचे, कॉम्प्युटर सगळ्या फोटोंत तोच दगड, तोच कोपरा शोधतो आणि त्यावरून अंतर मोजून थ्रीडी मॉडेल बनवतो, याला फोटोग्रॅमेट्री म्हणतात. मग हेडसेट दोन्ही डोळ्यांना किंचित वेगळं चित्र दाखवतो, कारण आपल्या डोळ्यांत साधारण ६ सेंटिमीटर अंतर असतं आणि त्या फरकातूनच मेंदूला खोली कळते. मान वळवली की चित्र साधारण २० मिलिसेकंदांच्या आत वळायला हवं, उशीर झाला की डोळे एक सांगतात, कानातला तोल सांभाळणारा भाग दुसरंच सांगतो, आणि मळमळायला लागतं.

अवघड आहे ते माणूस उभं करणं. सरकारी कागद पोलिसांच्या नजरेनं लिहिलेला. नाव, जमात, बोटांचे ठसे, कधी पळाला, कधी सापडला. ती बाई लेकराला काय म्हणून हाक मारायची, हे त्यात नाही. आणि व्हीआरचं असंय की त्यात खरं आणि अंदाजानं भरलेलं सारखंच खरं दिसतं, कागदावर निदान 'बहुधा' लिहिता येतं. म्हणून मला वाटतं, जे कागदात सापडलं तेवढंच रंगात दाखवावं, अंदाजाचं सगळं फिक्कट ठेवावं, आणि चेहरा माहीत नसेल तर चेहरा काढूच नये, तिथं नुसता आवाज असावा.

आवाज अजून मिळेल. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला, तेव्हा दहा वर्षांचं असलेलं पोर आज ऐंशीच्या पुढं आहे. त्यांच्याच घरच्यांनी, त्यांच्याच बोलीत, साध्या मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावं, कुणाला ऐकवायचं ते त्यांनीच ठरवावं. हेडसेट नंतर आणता येईल की ओ, ही म्हातारी माणसं मात्र आत्ताच आहेत.