कराटे आणि बौद्ध ध्यानसाधना

ओकिनावा बेटांवर घडलेल्या कराटे या निःशस्त्र युद्धकलेचा सराव स्वतःचे मन ओळखण्यासाठी करायचा आणि त्याला बौद्ध, विशेषतः झेन या ध्यानप्रधान बौद्ध पंथाच्या, ध्यानाची जोड द्यायची, ही विसाव्या शतकात जपानमध्ये रुजलेली परंपरा. तिची सर्वांत परिचित खूण म्हणजे मोकुसो : सरावाच्या आरंभी व शेवटी गुडघे दुमडून, डोळे मिटून काही काळ शांत बसणे.

कराटेचा उगम बोधिधर्माशी जोडणारी कथा सर्वत्र सांगितली जाते. भारतातून चीनमध्ये गेलेल्या या भिक्षूने शाओलिन मठात व्यायाम शिकवले आणि त्यांतून युद्धकला जन्मल्या, अशी ती कथा. तिला ऐतिहासिक आधार नाही. बोधिधर्माच्या नावावरचा व्यायामग्रंथ सतराव्या शतकापूर्वी आढळत नाही. ओकिनावातील शाळांत कराटे नेणारे इतोसू आन्को (१८३१–१९१५) यांनी तर १९०८ मध्ये लिहिलेल्या दहा सूत्रांच्या आरंभीच कराटे हे बौद्ध वा कन्फ्यूशियन परंपरेतून आलेले नाही, असे बजावले आहे. म्हणजे हे नाते जन्माने आलेले नाही, पुढच्या गुरूंनी ते समजून-उमजून जोडले. त्याने त्याचे मोल कमी होत नाही.

यात मोठा वाटा फुनाकोशी गिचिन (१८६८–१९५७) यांचा. १९२२ मध्ये त्यांनी तोक्योत कराटेचे प्रात्यक्षिक दाखवले आणि पुढे तिथेच शिकवले. ‘कराटे’ हे नाव लिहिताना ‘चिनी हात’ असा अर्थ देणारे जुने लिपिचिन्ह बाजूला सारून ‘रिक्त हात’ या अर्थाचे चिन्ह रूढ करताना त्यांनी प्रज्ञापारमिता हृदयसूत्रातील शून्यतेच्या विचाराचा आधार घेतला. कराटेत पहिला वार आपला नसतो, हे त्यांचे सूत्र कामाकुरा येथील एंगाकु-जी या झेन मंदिराच्या आवारातील त्यांच्या स्मारकावर कोरलेले आहे.

प्रत्यक्ष सरावात हे नाते अधिक खोल दिसते. पाली सतिपट्ठान सुत्तात काया, वेदना (म्हणजे सुखद-दुःखद संवेदना), चित्त आणि धम्म (मनात येणारे विषय) यांवर सजग राहायला सांगितले आहे. चालताना, उभे असताना, हातपाय आखडताना व पसरताना आपण काय करतो आहोत याचे भान ठेवावे, असे त्यात स्पष्ट आहे. काता, म्हणजे ठरावीक हालचालींचा क्रम, हजारदा गिरवणाऱ्याला हेच करावे लागते. गोजू-र्यू शैलीतील सांचिन या कातामध्ये पावले थोडीच; सारा भर श्वास, पवित्रा आणि स्नायूंच्या ताणावर. लक्ष भरकटले की श्वास आणि ताण यांचा मेळ लगेच बिघडतो, आणि ते करणाऱ्याला स्वतःलाच कळते.

जोडीदारासमोर उभे राहिल्यावर गाठ पडते ती भीती आणि रागाशी. एकट्याने शांत बसलेल्याला आपण रागावर मात केली असे वाटू शकते. नाकावर ठोसा बसला की खरे काय ते उघड होते. कुमितेचे, म्हणजे जोडीदाराशी करायच्या लढतीच्या सरावाचे, साधना म्हणून महत्त्व मुख्यतः इथे आहे. झेन भिक्षू ताकुआन सोहो (१५७३–१६४५) यांनी तलवारबाज याग्यू मुनेनोरी यांना हेच समजावले होते : मन समोरच्या तलवारीवर, स्वतःच्या हातावर वा जिंकण्यावर कुठेही अडकू देऊ नये.

या वाटेने ‘स्व’चा शोध घेणाऱ्याला बौद्ध विचारातील अनात्म समजून घ्यावे लागते. आत दडलेला कायमचा ‘मी’ सापडेल, असे बुद्ध सांगत नाहीत; दिसतात त्या उठणाऱ्या आणि मावळणाऱ्या संवेदना, सवयी, प्रतिक्रिया. पट्ट्याच्या रंगाला चिकटलेला अभिमानही त्यांतलाच, आणि तो सोडणे बहुधा सर्वांत अवघड जाते.

या परंपरेची काळी बाजूही नोंदवली पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात जपानमधील अनेक झेन संस्थांनी युद्धाला पाठिंबा दिला आणि निर्भय, एकाग्र मनाची शिकवण सैनिकी शिस्तीसाठी वापरली गेली. शील आणि करुणा वगळली की उरलेली एकाग्रता कोणाच्याही हाती जाऊ शकते. युद्धानंतर, १९४७ मध्ये, सो दोशिन यांनी कागावा प्रांतातील तादोत्सू येथे शोरिंजी केंपो ही वेगळी शैली सुरू केली. तिच्यात बौद्ध शिकवण, बैठे ध्यान आणि जोडीने करायचा सराव हे एकाच अभ्यासाचे भाग आहेत.